विश्लेषण : इंटरनेटच्या परिषदेत भामरागड कोण मांडणार?

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. आधी रस्ता बंद होतो, मग वीज जाते आणि टॉवरची बॅटरी संपली की रेंजही जाते. ही साखळी नेमकी कुठे तुटते, हे तिथे काम करणाऱ्या तंत्रज्ञाइतके कुणालाच ठाऊक नसते. मात्र इंटरनेटचे जाळे कसे उभारावे, याची चर्चा होते त्या व्यासपीठापर्यंत त्याचा अनुभव पोहोचणे अवघड आहे.

हे व्यासपीठ कोणते?

‘एप्रिकॉट’ ही आशिया-प्रशांत विभागातील इंटरनेट तंत्रज्ञांची परिषद १९९६ पासून दरवर्षी भरते. २०१२ मध्ये ती नवी दिल्लीत झाली. दक्षिण आशियासाठी ‘सॅनॉग’ ही वेगळी परिषद आहे.

वक्ते कसे निवडले जातात?

येथे केवळ नामवंतांनाच बोलावणे जाते, हा समज चुकीचा आहे. परिषदेच्या काही महिने आधी सर्वांसाठी खुले आवाहन निघते. इच्छुकाने विषयाचा गोषवारा आणि स्लाइडचा कच्चा मसुदा पाठवायचा असतो. कार्यक्रम समिती तो तपासते. कंपनीची जाहिरात चालत नाही. प्रत्यक्ष अनुभवाला मोल असते. मोजक्या मिनिटांच्या ‘लाइटनिंग टॉक’चीही सोय असते. निवडक होतकरूंना प्रवास व निवासासाठी फेलोशिप मिळते.

इथून सांगण्यासारखे काय आहे?

पुष्कळ. नक्षलग्रस्त भागांतील २,३४३ टॉवर टूजीवरून फोरजीवर नेण्याचा निर्णय केंद्राने २०२२ मध्ये घेतला. पण टॉवर उभा राहिला म्हणजे रेंज टिकली, असे होत नाही. शहरात एक केबल तुटली तर दुसऱ्या वाटेने काम भागते. जंगलात रस्त्याकडेने एकच केबल गेली असेल आणि रुंदीकरणात जेसीबीचा घाव बसला, तर पुढची सगळी गावे एकदम बंद पडतात. मग रेशन दुकानातले अंगठ्याचे यंत्रही अडते. ढगाळ दिवसांत सौर पॅनेल किती साथ देते, याचे उत्तरही इथेच मिळेल.

मग अडते कुठे?

आवाहन इंग्रजीत असते आणि ते मुख्यतः ओळखीच्या वर्तुळातच फिरते. कंत्राटदाराकडे राबणाऱ्या तंत्रज्ञाला ते कळणार कसे? कळले तरी रजा आणि परवानगी कोण देणार? दार उघडे असूनही रस्ता नाही, अशी ही स्थिती आहे.

त्यासाठी आयोजकांनी चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत मराठीतून निरोप पोहोचवावा. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने प्रस्ताव लिहिण्यास हात द्यावा आणि सराव करून घ्यावा. कंपन्यांनी भरपगारी रजा द्यावी. जाळ्याचा नकाशा शहरात आखला जातो. पण तो कुठे फाटतो, हे सांगणारा माणूस भामरागडच्या वाटेवरच भेटेल. त्याला बोलावणे हे उपकार नव्हेत, ती परिषदेचीच गरज आहे.