ज्ञानमीमांसा कुणाच्या बापाची?

ज्ञानमीमांसा! केवढा शब्द. तोंडात धरला की जबडा दुखतो.

मागच्या महिन्यात एका हॉलमध्ये परिसंवाद होता. पाळी संपवून मी तसाच गेलो, अंगावरच्या गंजासकट. वक्ता तासभर हा शब्द घोळवत होता. मी उठून विचारलं, सर, याचा अर्थ काय? हॉल हसला. सर म्हणाले, ही पारिभाषिक संज्ञा आहे, तुम्ही त्यात पडू नका. तुम्ही कवी आहात, अनुभव लिहा. विश्लेषण आमच्यावर सोडा.

म्हणजे ओझं आम्ही वाहायचं आणि बिल्टी यांनी फाडायची. गोपाळ गुरू यांनी २००२ साली याच दुखण्यावर बोट ठेवलं होतं. सिद्धान्त मांडणारे ब्राह्मण, माहिती गोळा करणारे शूद्र. विद्यापीठात सुद्धा वर्णव्यवस्थाच.

मी मॅट्रिक. मॅट्रिक म्हणजे मठ्ठ नव्हे. शब्द फोडून बघितला. इंग्रजीत एपिस्टेमॉलॉजी. मुळं ग्रीक, पण इंग्रजी तत्त्वज्ञानात हा शब्द आणला स्कॉटलंडच्या जेम्स फेरिअरनं, १८५४ साली. अर्थ सरळ आहे. ज्ञान म्हणजे काय, ते येतं कुठून, आणि खरं कशावरून मानायचं, याचा अभ्यास. ज्ञान वेगळं, ज्ञानमीमांसा वेगळी. आजकाल जो तो आपल्या मताला, दृष्टिकोनाला, नुसत्या माहितीलासुद्धा एपिस्टेमॉलॉजी म्हणतो. ते चूक.

आमच्या धक्क्यावरचं सांगतो. पोलादाच्या कॉईल उतरत होत्या. टोळीतल्या म्हाताऱ्या काकांनी स्लिंगच्या वायरवरून हात फिरवला आणि म्हणाले, पोरांनो, ही गेलीय. आतल्या तारा तुटल्यात. सुपरवायझरनं कागद दाखवला. सर्टिफिकेट आहे, वायर पास आहे, काम चालू करा. चौथ्या उचलीला वायर तुटली. माझ्या जोडीदाराचा पाय गेला. चौकशी झाली. कागद पुराव्यात घेतला. काकांचा हात पुराव्यात घेतला नाही. निरक्षर माणूस, त्याचं काय मानायचं?

आता बघा. वायर गेलीय हे काकांना कळलं, ते ज्ञान. ते कसं कळलं, आणि त्या कळण्यापेक्षा कागद मोठा का ठरला, हे विचारणं म्हणजे ज्ञानमीमांसा. सांगणारा कोण आहे ते बघून त्याचं सांगणं खोटं धरायचं, याला मिरांडा फ्रिकर या बाईंनी २००७ साली ग्रंथ लिहून ज्ञानाच्या बाबतीतला अन्याय म्हटलं. आमच्या आज्यापणज्यांनी तो ग्रंथाशिवाय भोगला.

फेरिअरनं त्याच पुस्तकात अज्ञानाच्या अभ्यासालाही नाव दिलं होतं. तो म्हणतो, जे कळू शकतं त्याचंच अज्ञान असू शकतं. वायर वाकवून बघितली असती तर साहेबाला कळलं असतं. बघितली नाही. ते अज्ञान कमावलेलं होतं. एपिस्टेमॉलॉजी जगभर गाजली, अज्ञानाचं ते नाव धूळ खात पडलं. सोयीचं आहे ना!

आणि हा वाद काही गोऱ्यांनी आणलेला नाही. इथं त्याला प्रमाणविचार म्हणत. नैयायिकांची प्रमाणं चार : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. मीमांसकांचा वेद तर अपौरुषेय, कुणी रचलाच नाही, म्हणून चूक निघणारच नाही. साहेबाचं सर्टिफिकेटच ते! चार्वाकानं फक्त प्रत्यक्ष मानलं. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या आपल्या बौद्ध पंडितांनी दोनच प्रमाणं ठेवली, प्रत्यक्ष आणि अनुमान. शब्दाला वेगळी गादी नाही. वेद म्हणतो म्हणून खरं मानणं आणि जातीचा गर्व बाळगणं, ही दोन्ही धर्मकीर्तीनं अक्कल गेल्याच्या खुणांत मोजली. सातव्या शतकाच्या सुमाराला!

तेव्हा २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, ती नुसती कागदाची होळी नव्हती. लिहिलंय म्हणून खरं, या प्रमाणालाच ती काडी होती.

आता आपल्या दोस्तांशी भांडण. काहीजण म्हणतात, फेकून द्या हे भटी शब्द, आपला अनुभव पुरे. अरे, हॉलमधले सर तरी दुसरं काय म्हणत होते? अनुभव तुमचा, विचार आमचा! तुम्ही त्यांच्याच दावणीला स्वतः जाऊन उभे राहता. आणि अनुभव आपला आहे म्हणून तो तपासायचा नाही काय? काकांचा हातही कधी चुकेल. म्हणून तर वायर वाकवून बघायची. आपण म्हणतो म्हणून खरं, असं झालं की आपणही नवी पोथी लिहिली. धर्मकीर्तीनं दुसरं प्रमाण उगाच नाही ठेवलं. बघा, आणि बघितलेल्यावरून विचार करा.

दुसरे काही नुसता बिल्ला लावून फिरतात. दलित एपिस्टेमॉलॉजी, दलित एपिस्टेमॉलॉजी! विचारलं काय ते, तर बोंब. बिल्ल्यानं वायर जुळत नाही.

हा शब्द म्हणजे आकडा आहे. गासडीत रुतवायला शिका. जिथं कुणी म्हणेल, हे असंच आहे, तिथं विचारा : तुला कसं कळलं? कुणाला विचारलंस? कुणाला विचारलं नाहीस?

माझा जोडीदार आता घरी बसून असतो. त्याला मी हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, शब्द राहू दे, काकांची साक्ष लिहून घे.

घेतोय. अंगठ्यासकट. पुढच्या चौकशीत सर्टिफिकेटच्या शेजारी ती ठेवणार. मग बघू, कुणाची मीमांसा टिकते.