बेस्ट कोणाची?

मुंबईची बससेवा तोट्यात आहे, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हा तोटा कोणी ठरविला आणि कोणत्या हिशेबाने, याचा विचार करावयाचा तर बेस्टचा इतिहास चाळणे आवश्यक आहे.

९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हा भाडे तीन आणे होते. दिवसाकाठी मोजके आणे मिळविणाऱ्या मजुरासाठी ती नव्हतीच. १९०५ साली लंडनमध्ये नोंदलेल्या नव्या कंपनीने ट्राम व वीज ही दोन्ही कामे हाती घेतली. १९०७ मध्ये विजेची ट्राम व १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट ही पहिली बस आणली. शहराची सोय वाढली, परंतु निर्णय भागधारकांच्या हाती राहिला.

देश स्वतंत्र होण्याच्या आठ दिवस आधी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, महापालिकेने ही कंपनी ताब्यात घेतली. एका शहराने आपली वाहतूक व वीज स्वतःच्या मालकीची केली, ही घटना स्वातंत्र्याच्या जल्लोषात काहीशी झाकोळली गेली. तिच्यामागचे तत्त्व मात्र स्पष्ट होते. विजेतून शिल्लक राहणारा पैसा बसची तूट भरून काढी. ज्यांच्या दुकानांत व कचेऱ्यांत दिवे जळत, त्यांच्या पैशातून तिथे कामाला येणाऱ्यांचे भाडे हलके होई. यात न्याय होता.

२००३ च्या वीज कायद्यानंतर हा आधार वादात सापडला आणि पुढे नाहीसाच झाला. तुटीची जबाबदारी महापालिकेने हक्काने स्वीकारावयास हवी होती. रस्ते, पाणी वा दिवाबत्ती यांच्याकडे कोणी नफा मागत नाही; उड्डाणपुलाने किती मिळविले, असेही कोणी विचारीत नाही. मग बसकडेच ही मागणी का? बसने कामगार, विद्यार्थी आणि घरकामाला जाणाऱ्या स्त्रिया जातात, हेच त्याचे उत्तर असावे.

तुटीवर उपाय म्हणून २०१८ पासून कंत्राटी गाड्यांचा मार्ग निवडला गेला. गाडी कंत्राटदाराची, चालक त्याचा, आणि उपक्रमाने किलोमीटरमागे पैसे मोजावयाचे. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका कंत्राटदाराने परवडत नाही म्हणून गाड्या काढून घेतल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी वेतनासाठी काम थांबविले. एकाच मार्गावर एकच काम करणाऱ्या दोघांना दोन निराळे पगार मिळत असतील, तर दुसरे काय होणार? आज रस्त्यावरील बहुतेक गाड्या कंत्राटी आहेत. गाडीवर नाव बेस्टचे, पण गाडी बेस्टची नाही.

लोकांना बस नको झाली आहे, हे म्हणणेही टिकत नाही. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपये होताच प्रवासी झपाट्याने वाढले. मे २०२५ मध्ये तेच भाडे दुप्पट, म्हणजे दहा रुपये झाले. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर निवडून आलेली बेस्ट समितीही उरली नव्हती. त्यामुळे ही वाढ प्रशासकाच्या राजवटीत झाली.

डाव्या व समाजवादी चळवळीनेही आत्मपरीक्षण केले पाहिजे. जानेवारी २०१९ चा नऊ दिवसांचा संप कामगारांनी निष्ठेने लढविला. बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करावा, ही त्यांची मागणी सर्व शहराच्या हिताची होती. पण थांब्यावर ताटकळणाऱ्या प्रवाशाला ती आपली वाटली नाही, कारण त्याच्यापर्यंत ती कोणी नेलीच नाही. कामगार व प्रवासी एकमेकांवर चिडत राहिले, आणि निर्णय घेणारे निर्धास्त राहिले.

म्हणून काम थांब्यापासून सुरू झाले पाहिजे. कोणत्या मार्गावर गाडी किती वेळाने येते, कोणता मार्ग बंद झाला, याची नोंद कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत ठेवावी व ती घेऊन नगरसेवकाच्या दारी जावे. स्वमालकीच्या गाड्या, समान कामाला समान वेतन आणि तुटीची अर्थसंकल्पात हक्काची तरतूद, या तीन मागण्यांवर चालक, वाहक व प्रवासी एकत्र येऊ शकतात. १९४७ साली कंपनीकडून जे घेतले, ते कंत्राटदाराला परत द्यावयाचे की नाही, हे शहराने ठरवावयाचे आहे. आणि न ठरविणे म्हणजे देऊन टाकणेच होय.