शेवटच्या बाकावरून ऐकलेले पाच वॅट



गेल्या महिन्यात आमच्या कोयरच्या बैठकीत एकच विषय होता. गिटारसाठी ५० वॅटचा नवा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा आणि त्यासाठी घरोघरी वर्गणी काढायची. मुलांनी कागदावर खर्चाचा आकडाही मांडून आणला होता. सध्याचा अ‍ॅम्प ५ वॅटचा, स्वस्तातला, व्हॉल्व्हवर चालणारा. कोयरमधल्या एका मुलाचे मामा बोटीवर नोकरीला आहेत. सुट्टीवर येताना त्यांनी तो आणला आणि पुढे चर्चला देऊन टाकला. त्याला आवाजाचं एकच बटण आहे.

"टीचर, ह्याला जोरच नाही. आणि सारखा गुणगुणतो," मुलं म्हणाली.

मी कला शाखेची पदवीधर. वीज म्हटलं की माझी मजल फ्यूज बदलण्यापर्यंत. पण पेडण्यात दारोदार वर्गणी मागायला मलाच फिरायचं होतं. म्हणून म्हटलं, आधी ह्या लहानग्याची नीट परीक्षा घेऊ, मग त्याला निकालात काढू. त्या परीक्षेतून माझं जे मत झालं, ते आज मांडते. आपल्यासारख्या लहान चर्चला ५ वॅट पुरतात. जे कमी पडतं ते बहुतेक वेळा वॅट नसतात, आपलं ऐकणं कमी पडतं.

पहिली परीक्षा अगदी साधी होती. गिटार वाजवणाऱ्या मुलाला अ‍ॅम्पपाशी उभं केलं, दोघींना गायला लावलं आणि मी जाऊन शेवटच्या बाकावर बसले. तिथं आमच्या म्हाताऱ्या बायका बसतात. बटण अर्ध्यावर असताना गिटार स्वच्छ ऐकू येत होती आणि गीताचे शब्दही कळत होते. बटण पाऊणपर्यंत नेलं तेव्हा गिटारचा आवाज फाटू लागला आणि शब्द बुडाले. मग त्या मुलाला माझ्या जागी बसवलं. तो परत आला तेव्हा जरा गप्पच होता. वाजवणाऱ्याचे कान स्पीकरपासून हातभर अंतरावर असतात, पण स्पीकर त्याच्या गुडघ्यांकडे तोंड करून असतो. त्यामुळे त्याला स्वतःचाच आवाज कमी वाटतो. आम्ही अ‍ॅम्प स्टुलावर ठेवून थोडा मागे कलता केला. अर्धी तक्रार तिथंच मिटली.

उपासनेतल्या संगीताबद्दल रोमहून १९६७ साली 'म्युझिकाम साक्राम' हा दस्तऐवज आला. वाद्यांनी गाणाऱ्यांना आधार द्यावा, पण शब्द कळेनासे होतील इतकं त्यांना झाकू नये, असं त्यात सांगितलं आहे. म्हणजे आमच्या कामासाठी अ‍ॅम्पची कसोटी साधी आहे: शेवटच्या बाकावर शब्द पोचतात का?

आता थोडा हिशेब. ५ वॅटच्या जागी ५० वॅट आणले की आवाज दहापट होतो, असं मुलांना वाटत होतं. तसं होत नाही. शक्ती दहापट झाली की आवाज १० डेसिबेलने वाढतो आणि माणसाच्या कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. उलट स्पीकर चांगला बसवला, तितक्याच शक्तीत ३ डेसिबेल जास्त देणारा, तर अ‍ॅम्पची शक्ती दुप्पट केल्यासारखं होतं. आमच्या अ‍ॅम्पमध्ये ८ इंची हलका स्पीकर होता. हॉलच्या अडगळीत १० इंची स्पीकरची एक जुनी पेटी पडून होती, तीही ८ ओहमची. हा ओहमचा आकडा जुळलाच पाहिजे. आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प कधी चालू करू नये, आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. पेटी जोडली आणि मुलांचे चेहरे बदलले. खर्च फक्त वायरीचा झाला.

दुसरी तक्रार गुणगुणण्याची. इथं मला जे सापडलं, त्यासाठीच खरं तर हा लेख लिहिते आहे. अ‍ॅम्पचा प्लग पाहिला, तर त्याची वरची जाड पिन, अर्थिंगची, कापून टाकलेली होती. कुणी तरी सांगितलं होतं की ती काढली की घरघर थांबते. घरघर थोडी कमी झालीही होती. पण बंधुभगिनींनो, व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट फिरत असतात. आत काही बिघडलं, तर तो दाब लोखंडी सांगाड्यावर येतो, तिथून गिटारच्या वायरीतून तारांवर आणि तारांवरून वाजवणाऱ्याच्या बोटांवर. त्याच वेळी त्याचे ओठ मायक्रोफोनला लागले, तर वीज त्याच्या छातीतून वाट काढते. १९७२ च्या मे महिन्यात 'स्टोन द क्रोज' ह्या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्वान्सीच्या रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून असाच गेला. मे महिन्यात उघड्यावरच्या खुरसापुढे लादिन म्हणताना आपली मुलं ओल्या जमिनीवर, पुष्कळदा अनवाणी उभी असतात. मी लगेच नवा तीन पिनांचा प्लग बसवून घेतला.

घरघरीचं कारण वेगळंच निघालं. गिटारची एक वायर अ‍ॅम्पला जात होती, दुसरी चर्चच्या मिक्सरला, आणि दोघांचे प्लग दोन वेगवेगळ्या भिंतींवर होते. दोन अर्थिंगमधून एक वर्तुळ तयार होतं आणि त्यात घरघर शिरते. मिक्सरची वायर काढली आणि ती घरघर थांबली. इशारा नकोसा झाला म्हणून आधारच कापायचा, ही चूक आपण फक्त प्लगच्या बाबतीत करतो असं मला वाटत नाही. प्रत्येकाने आपापल्या घरी पाहावं.

मग मी अ‍ॅम्प शेजारच्या काकांकडे नेला. काका आयुष्यभर रेडिओ दुरुस्त करत आले. आत काय आहे ते पाहून ते हसले. एक ईसीसी८३, एक ईएल८४. "हा ईएल८४ तर आमच्या जुन्या रेडिओग्राममध्ये असायचा गे," ते म्हणाले. बीटल्सच्या गिटारांमागे जे व्हॉक्स एसी३० अ‍ॅम्प असत, त्यांत हेच व्हॉल्व्ह चार-चार असत. आमच्यात एकच. एकट्या व्हॉल्व्हची ही ५ वॅटची रचना जुनी आहे. फेंडर कंपनीचा चॅम्प हा अ‍ॅम्पही एकाच पॉवर व्हॉल्व्हवर, तितक्याच शक्तीचा, आणि त्यावर पुष्कळ नामांकित ध्वनिमुद्रणं झाली.

काकांनी सोल्डरिंगला हात लावण्याआधी मोजमाप केलं. ईएल८४ च्या कॅथोडवर १५० ओहमचा रेझिस्टर होता, त्यावर ९ व्होल्ट. म्हणजे ६० मिलिअ‍ॅम्पिअर. त्यातले स्क्रीनचे सुमारे ५ वजा केले, उरले ५५. प्लेट आणि कॅथोडमध्ये २७० व्होल्ट. गुणाकार केला तर जवळजवळ १५ वॅट उष्णता, आणि ह्या व्हॉल्व्हची मर्यादा १२ वॅटची. बिचारा व्हॉल्व्ह काही न वाजवतासुद्धा तापून निघत होता. काकांनी २७० ओहमचा रेझिस्टर घातला. पुन्हा मोजलं तेव्हा ११ व्होल्ट, म्हणजे ४१ मिलिअ‍ॅम्पिअर. हिशेब १० वॅटवर आला. आवाजात मला काडीचा फरक कळला नाही, पण व्हॉल्व्हचं आयुष्य नक्की वाढलं.

दुसरा बदल तर सोल्डरिंगशिवाय झाला. ईसीसी८३ चा वर्धनांक १००. त्याच खोबणीत बसणारा ईसीसी८१ साधारण ६० चा. काकांच्या डब्यात एक जुना निघाला. तो घातल्यावर बटण दोन-तृतीयांश फिरवलं तरी आवाज फाटत नाही. रॉक वाजवणाऱ्याला हे उलटं वाटेल. त्याला फाटका आवाजच हवा असतो आणि त्याच्यासाठी तो बरोबरही आहे. आम्हाला शब्दांखाली बसणारा आवाज हवा होता.

इतकंच केलं. एका वेळी एक बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा शेवटच्या बाकावर. कृपा करून हे वाचून कुणी स्वतः अ‍ॅम्प उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेईल इतका दाब राहू शकतो. काकांनी आधी तो रेझिस्टरमधून उतरवला, मीटरने खात्री केली आणि तरीही एक हात पाठीमागे ठेवूनच काम केलं.

मुलांची एक बाजू मात्र खरी आहे. फेस्ताला मांडवात, उघड्यावर, ५ वॅट पुरणार नाहीत. पण तिथं भाड्याची ध्वनियंत्रणा असतेच. अ‍ॅम्पसमोर एक मायक्रोफोन ठेवला की काम भागतं. वर्षातल्या दोन दिवसांसाठी बाकीचे पन्नास रविवार म्हाताऱ्यांच्या कानांवर ५० वॅट कशाला घालायचे?

आपल्या घुमटाकडे पाहा. २०१९ मध्ये त्याला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. मातीचं एवढंसं भांडं, त्याचे वॅट कुणी विचारत नाही. पावसाळ्यात कातडं सैल पडलं, तर वाजवणारा मोठं घुमट शोधायला निघत नाही. तो ते शेकतो, बोटांनी वाजवून पाहतो, पुन्हा शेकतो. गिदोनचीही गोष्ट आठवते. ३२ हजार माणसं जमली होती आणि प्रभूने ती ३०० वर आणली.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. दोन मुलं अजून नाराज आहेत, आणि त्यांच्याशी माझं बोलणं चालू आहे. पण वर्गणी काढायचं ठरलं आहे. त्यातून हॉलच्या आणि चर्चच्या प्रत्येक सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्यायचं आणि मेन बोर्डवर ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा ईएलसीबी बसवायचा. येत्या रविवारपासून मी दारावर येईन. तोवर घरातल्या मिक्सरचा, इस्त्रीचा, मुलाच्या कीबोर्डचा प्लग एकदा हातात घेऊन पाहा. तिसरी पिन जागेवर आहे ना?