सोनेरी बटा आणि खुर्चीमागची बाई

केस हा आपल्याकडे बाईचा खासगी मामला कधीच नव्हता. नवरा गेला की ते काढायचे, जट आली की देवीची म्हणून वाढवायची, लग्न ठरेपर्यंत कात्री लावायची नाही. तेव्हा एखाद्या मुलीने तपकिरी केसांत बोटभर रुंदीच्या पिवळ्या बटा काढून घेतल्या, तर घरचे आणि शेजारचे काय बोलणार हे ठरलेलंच. मला नवल वाटतं ते आपल्या गटांमधल्या चर्चेचं.

एकजण म्हणते, ही गोऱ्या कातडीची आणि बाजाराची गुलामी. दुसरी म्हणते, माझं शरीर, माझे केस, माझा निर्णय. मी दुसरीच्या बाजूची आहे. अशा बटा काढणारी मुलगी मड्डम व्हायला निघालेली नसते. तिला चारचौघींत उठून दिसायचं असतं, आणि त्यात गैर काहीच नाही. पण दोघीही बोलतात खुर्चीत बसलेल्या बाईबद्दल. खुर्चीमागे वाटी-ब्रश घेऊन उभी असते, तिचं काय?

आपल्या गडद केसांवर सोनेरी रंग नुसता लावून बसत नाही. आधी केसातला मूळ रंग काढावा लागतो. त्यासाठी परसल्फेटची ब्लीच पावडर हायड्रोजन पेरॉक्साईडमध्ये कालवतात. डब्यावर २०, ३०, ४० 'व्हॉल्यूम' असं लिहिलेलं असतं, म्हणजे ६, ९ किंवा १२ टक्के पेरॉक्साईड. बटा फॉइलमध्ये गुंडाळून ठेवल्या की रंग आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा होत जातो. बटा जाड हव्या असतील तर ब्लीचही जास्त लागतं, आणि केस फारच काळे असतील तर एका बैठकीत भागतही नाही.

ही पावडर कालवताना उडते. परसल्फेटमुळे पार्लरमध्ये काम करणाऱ्यांना दमा होतो, हातांना इसब होतो, हे वैद्यकशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. एकदा शरीराने धसका घेतला की पुढे थोड्याशा संपर्कानेही त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली केशकर्तनाच्या व्यवसायातला संपर्क 'बहुधा कर्करोगकारक' ठरवला. स्वतः केस रंगवून घेणाऱ्यांबाबत मात्र तसं म्हणण्याइतका पुरावा तिला मिळाला नाही. गिऱ्हाईक काही महिन्यांनी एकदा येतं. ही मुलगी रोज त्याच हवेत उभी असते.

१८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायला नकार दिला. केशवपनाच्या इतिहासात सुधारकांची भाषणं आपल्याला आठवतात, हा नकार कमी आठवतो. त्यांना नकार देता आला, कारण ते एकत्र आले होते. पार्लरमधली मुलगी दोन-तीनजणींच्या दुकानात असते, पगार तोंडी ठरलेला, खोकला आला तर सुट्टी बिनपगारी. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ साली नव्याने आला, तेव्हाच दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना त्याच्या बहुतेक तरतुदींतून वगळलं गेलं. म्हणजे तिचं दुकान बाहेरच.

आणि मैत्रिणींनो, या मुली येतात कुठून? पुष्कळजणी आपल्याच वस्त्यांमधून. शिवणकामाच्या जोडीला पार्लरचा कोर्स हा संस्थांचा वर्षानुवर्षांचा आवडता 'स्वावलंबनाचा' कार्यक्रम आहे. त्यात भुवया कोरायला, फेशियल करायला, हल्ली हायलाइट्ससुद्धा शिकवतात. मग दर गिऱ्हाइकाला नवे हातमोजे, कालवणं खिडकीशी किंवा पंख्याच्या झोताबाहेर, धूळ न उडणारी पावडर (ती बाजारात मिळते, थोडी महाग पडते), आणि छातीत घरघर किंवा हाताला खाज सुरू झाली की डॉक्टरला आपलं काम काय आहे ते सांगणं, हा धडा अभ्यासक्रमात का नसावा? हातमोज्यांचे पैसे दरपत्रकात धरायला का शिकवू नये? पुढच्या तुकडीपासून हे सुरू करायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. आणि आपल्यापैकी ज्या बटा काढायला जातात त्यांनी जरूर जावं. फक्त खुर्चीत बसण्याआधी तिला विचारावं, हातमोजे आहेत का, आणि खिडकी उघडते का.