इतिहास लिस्बनमध्येच आहे काय?

जळगावजवळच्या असोदा गावी १८८० साली शेतकरी घरात बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. काम करता करता त्यांनी जे रचले, त्यातले काही त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक आप्त यांनी टिपून ठेवले. १९५१ मध्ये बहिणाबाई वारल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी छापून आली. मुलगा स्वतः कवी होता म्हणून एवढे तरी उरले. जे टिपले गेले नाही ते त्यांच्याबरोबर गेले. खानदेशातील पेरणी, मळणी आणि बाईच्या जिवाचे हाल आज ज्या शब्दांतून कळतात, ते कोणत्याही दप्तरखान्यात नव्हते.

वसईकरांना हे सांगण्यास कारण आहे. आपल्याकडे धर्मग्रामाची ज्युबिली आली की स्मरणिका निघते. तिच्यातील इतिहासाचा लेख न वाचताही सांगता येतो. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली, पुढे धर्मगुरूंची यादी. संत गोन्सालो गार्सिया यांना एक पान, देणगीदारांना पाच. त्या देवळात गुडघे टेकणारी माणसे काय पिकवीत होती, कोणत्या वाऱ्याला होडी लोटीत होती, याचा मागमूस नाही. एका स्मरणिकेसाठी मी वाडीतल्या म्हाताऱ्यांकडून लग्नातली गाणी उतरवून दिली होती. जागा नाही म्हणून ती परत आली. त्या पानावर एका बिल्डरची जाहिरात होती.

‘आपण मूळचे कोण?’ या प्रश्नावर मात्र आपल्या लेखण्या झिजतात. पूर्वज ब्राह्मण होते की नव्हते यावर जितकी शाई सांडली, तिच्या दशांशानेही बावखले कोणी खणली, वाडीला पाणी कोणत्या क्रमाने मिळे, राजेळी केळ्याची सुकेळी कशी करीत, हे लिहिले गेले नाही. कुळी शोधणारा बहुधा स्वतःची उंची शोधीत असतो. पाचूबंदर, नायगाव, अर्नाळ्याचे कोळी तर या इतिहासात जवळजवळ पाहुणेच.

विद्वान म्हणतात, तोंडी गोष्टींना पुरावा नसतो. मग कागद तरी कशासाठी लिहिले गेले? सिमाव बोतेल्योचा १५५४ चा तोंबो महसूल ठरविण्यासाठी होता. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी. दोन्ही मोलाचे आहेत, ते वाचलेच पाहिजेत. पण सारा भरणाऱ्याच्या तोंडचा शब्द त्यांत नाही. म्हातारीची आठवण चुकते, तसा कारकूनही चुकतो. म्हणून दोघांना समोरासमोर बसवायचे असते. ग्रियर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणात सामवेदी आणि वाडवळी बोलींचे नमुने घेतले. एका परक्या अधिकाऱ्याला जे टिपून ठेवावेसे वाटले, ते आपल्याच घरात मुलांनी बोलले तर आपण त्यांना दटावतो.

ही हौसेची गोष्ट नाही. डोलीचे खुंट कोणी कुठे रोवायचे, कोणती कव कोणाची, यावरून वसई आणि पालघर-डहाणूकडच्या कोळ्यांत वर्षानुवर्षे वाद चालला आहे. आजोबांचे जाळे कुठे लागत असे, हे सांगणारे बहुतेक निघून गेले, आणि आजोबांनी ते लिहून ठेवले नव्हते. बावखले बुजवली जातात तेव्हाही हेच घडते. भराव पडल्यावर तिथे पाणी होते हे सांगायला शेजारच्या म्हातारीखेरीज साक्षीदार नसतो.

लिस्बनचे दप्तर शंभर वर्षांनीही तेथेच असेल. ती म्हातारी असणार नाही. दर रविवारी मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या ओट्यावर चारजणी बसलेल्या असतात. पुढच्या रविवारी वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. आधी विहिरीचे विचारा, मग भांगाचे नि उधाणाचे. जातीचे नंतर.