मंद आंचेवरचे गोळे

या पानावर मांसाहाराची कृति द्यावी कीं देऊं नये, याचा विचार करण्यांत माझे पंधरा दिवस गेले. आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मांस शिजत नाहीं, हें मी जाणून आहें. आमच्याहि घरीं शिजत नाहीं. परंतु ज्यांचे मुलगे व सुना परदेशीं संसार थाटून आहेत, त्यांच्यापैकीं कित्येकांच्या घरीं तें शिजतें, आणि आपण त्याविषयीं लिहिलें नाहीं म्हणून शिजावयाचें राहत नाहीं. शिवाय ज्या भांड्यांत तें शिजतें, तें भांडें शाकाहारी घरालाहि उपयोगी आहे. तेव्हां ज्या भगिनींना खिम्याचें नांवहि नको असेल, त्यांनीं मधला भाग सोडून शेवटचा तेवढा वाचावा; माझा राग नाहीं.

गेल्या वर्षीं आश्विन-कार्तिकांत आम्ही उभयतां शिकागोजवळ चिरंजीवांच्या घरीं होतों. सूनबाई इस्पितळांत नोकरीला. सकाळीं साडेसहाला ती घर सोडी, सायंकाळीं पांचाला परत येई, आणि आल्याबरोबर पदर खोंचावा तशा बाह्या सारून वरण, भात, पोळ्या, भाजी सारें आमच्या पद्धतीचें करी. तीन आठवडे मीं तिचें कौतुक केलें. चौथ्या शनिवारीं नऊ वर्षांचा नातू सहज बोलून गेला, "आजी, आज बाबांचे मित्र येणार. आईनें गॅरेजमध्यें मीटबॉल लावलेत."

मोटार ठेवावयाच्या त्या थंडगार खोलींत जाऊन पाहतें तों एका तिवईवर लंबगोल भांडें, त्यावर कांचेचें झांकण, झांकणाला आंतून सुटलेला वाफेचा घाम, आणि विजेची तार भिंतीपर्यंत गेलेली. शेजारीं बर्फ ओढावयाचें फावडें आणि रंगाचे रिकामे डबे. माझ्या मागोमाग सूनबाई धांवत आली. तिचा चेहरा पाहवेना.

"आई, तुम्हांला वास यायला नको म्हणून इथं ठेवतें. भांडींसुद्धां वेगळीं आहेत हो."

मला प्रथम राग आला, हें कबूल करतें. पण तो मांसाचा नव्हता. या मुलीनें स्वतःच्याच घरांत तीन आठवडे चोरासारखें वागावें, आणि तें माझ्या धाकानें, हें मनाला लागलें. मी तिला एका शब्दानेंहि कधीं बोललें नव्हतें. पण न बोलतांहि धाक असतो, एवढें मला त्या थंडींत उभें राहून कळलें.

"अग, मोटारीच्या धुराशेजारीं कोणी अन्न ठेवतें का? आंत आण तें," मी म्हणालें.

आमचे यजमान लसूणहि खात नाहींत. त्यांनीं वर्तमानपत्रांतून डोकें न काढतां विचारलें, "मग माझें पान कुठें मांडणार?"

"रोज मांडतें तिथंच, बाबा," ती म्हणाली.

भांडें ओट्यावर आलें आणि मी त्याच्याजवळ खुर्ची घेऊन बसलें. इंग्रजींत याला स्लो कुकर म्हणतात. आपला कुकर घाईचा, हा सावकाशीचा. आंत जाड चिनी मातीचें भांडें, त्याच्या भोंवतीं धातूचें कवच, आणि त्या कवचांत तापणाऱ्या तारा. बटणाला मंद आणि तेज अशा दोनच आंचा. गंमत अशी कीं दोन्ही आंचांवर अन्न अखेरीस उकळीच्या किंचित् खालींच, म्हणजे सुमारें 93 ते 99 अंश सेल्सिअसपर्यंत जातें; मंद आंचेला तेथवर पोंचावयास वेळ अधिक लागतो इतकेंच. वाफ झांकणाला लागून पुन्हां आंत ठिबकते, त्यामुळें पाणी आटत नाहीं, करपत नाहीं, आणि ढवळावयाला माणूस लागत नाहीं. माझ्या आजीच्या चुलीला वैल होता. मुख्य चुलीवर स्वयंपाक चाले आणि वैलावर दुधाचें पातेलें दिवसभर नुसतें तापत राही; त्या दुधावर जी साय येई ती मला पुन्हां कधीं दिसली नाहीं. हें भांडें म्हणजे विजेचा वैलच.

याचा जन्महि एका आजीच्याच स्वयंपाकांतून झालेला आहे. ज्यू लोकांना शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत विस्तव पेटवणें वा स्वयंपाक करणें निषिद्ध. म्हणून लिथुआनियांतल्या विल्ना शहरीं बायका मांस, घेवड्याचे दाणे, सातू व बटाटे एका मडक्यांत घालून शुक्रवारीं गांवच्या भट्टीवाल्याकडे नेऊन ठेवीत. भट्टी विझलेली असे, पण तिच्या उरल्या धगीवर तें मडकें रात्रभर शिजे, आणि दुसऱ्या दिवशीं न पेटवतां गरम जेवण मिळे. त्या पदार्थाला चोलंट म्हणतात. तेथून अमेरिकेस आलेल्या एका मातेनें आपल्या आईच्या मडक्याची ही गोष्ट मुलाला सांगितली. तो मुलगा म्हणजे अर्व्हिंग नॅक्सन, धंद्यानें यंत्रशोधक. त्यानें 1936 सालीं विजेच्या अशा भांड्याच्या पेटंटसाठीं अर्ज केला व 1940 सालीं तें त्याला मिळालें. पुढें 1970 सालीं कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीनें त्याचा धंदा विकत घेतला आणि 1971 सालीं तेंच भांडें क्रॉक-पॉट या नांवानें बाजारांत आणलें. बायका मोठ्या संख्येनें नोकरीला बाहेर पडूं लागल्या होत्या, त्यामुळें तें घरोघर गेलें. धर्माच्या बंधनांतून निघालेली युक्ति नोकरीच्या बंधनाला अशी उपयोगीं पडली.

आतां गोळ्यांकडे वळूं. अमेरिकेंत घरगुती मेजवानीला खिम्याचे लहान गोळे आंबटगोड रसांत शिजवून, दांतकोरण्यानें टोंचून खाण्याची चाल फार आहे. रस कशाचा, तर द्राक्षाच्या जेलीचा आणि बाटलीतल्या चिली सॉसचा! ऐकूनच मला कसेंसेंच झालें. पण तिकडच्या या चिली सॉसला नांवापुरतीच मिरची. तो टोमॅटोचा, शिरक्यानें आंबट केलेला असतो. पुढच्या शनिवारीं सूनबाईनें गोळे घालण्यापूर्वींच चमचाभर रस वाटींत काढून मला दिला. चिंचगुळाच्या आमटीची दूरची बहीणच ती.

बाजारांत तयार मिळणारे गोळे बहुधा गाय व डुक्कर यांच्या मांसाचे असतात. म्हणून सूनबाई कोंबडीचा खिमा आणून घरींच वळते. अर्धा किलो खिम्यास एक अंडें, दुधांत भिजवलेला अर्धी वाटी पांवाचा चुरा, बारीक चिरलेला एक लहान कांदा, लसणीच्या दोन पाकळ्या, मीठ व मिरपूड. चुरा भिजवलेला असला म्हणजे गोळा मऊ राहतो. कोरडा घातला तर दडदडीत होतो. फार मळूं नये. सुपारीहून थोरले गोळे वळून ते 200 अंशांच्या भट्टींत वीस मिनिटें भाजून घ्यावे. हें काम वगळण्याचा मोह होतो, कारण भांड्यांत ते शिजणारच आहेत. पण कच्चे गोळे रसांत फुटतात, त्यांची चरबी रसावर तरंगते, आणि भाजल्यानें येणारी खमंग चव उकळीखालच्या ओल्या उष्णतेंत कधींच येत नाहीं. मग एक वाटी जेली व एक वाटी सॉस भांड्यांत एकत्र करून गोळे सोडावे व मंद आंचेवर तीन-चार तास, अगर तेज आंचेवर दोन तास ठेवावे. द्राक्षाची जेली न मिळाल्यास कोणताहि आंबटसर जॅम चालतो.

झांकण मात्र उघडूं नये. एकदां उघडलें कीं गेलेली ऊब भरून यावयास पंधरा-वीस मिनिटें लागतात. नातू दर अर्ध्या तासानें डोकावे, म्हणून त्या दिवशीं पाहुणे वाट पाहत बसले. भांडें निम्म्याहून कमी वा दोन-तृतीयांशाहून फार अधिक भरूं नये. बर्फांत गोठलेलें कच्चें मांस यांत कधींहि घालूं नये. तें सावकाश तापतें, आणि 4 ते 60 अंशांच्या दरम्यान जंतु झपाट्यानें वाढतात. कोंबडीचा खिमा आंतून 74 अंशांपर्यंत गेला पाहिजे.

शाकाहारी घरांत हें भांडें आलें तर पहिला विचार राजम्याचा येईल, म्हणून ठळक सांगतें. कच्चा राजमा थेट यांत लावणें धोक्याचें आहे. त्यांतला विषारी अंश खळखळ उकळीनेंच जातो. कोमट उष्णतेनें तो जात नाहीं, उलट अधिक बाधतो, आणि उलट्या-जुलाब होतात. राजमा रात्रभर भिजवून, तें पाणी टाकून, नव्या पाण्यांत अर्धा तास चुलीवर उकळूनच यांत घालावा.

आमच्यासाठीं सूनबाईनें दुधीचे गोळे केले. पहिल्या खेपेला तिनें ते खिम्यासारखे तीन तास रसांत ठेवले आणि त्यांचें पिठलें झालें. यजमानांनीं तें भातावर घेऊन निमूटपणें खाल्लें. दुसऱ्या खेपेस आम्ही दोघींनीं मिळून केले. अर्धा किलो दुधी किसून, घट्ट पिळून, त्यांत मावेल तेवढें डाळीचें पीठ, आलें, हिरवी मिरची व मीठ घालून गोळे तळले. दुधीचें पिळून निघालेलें पाणी फेंकलें नाहीं. तें, टोमॅटोचा गर, चिंचेचा कोळ, लिंबाएवढा गूळ, जिरेपूड आणि तिखट भांड्यांत मंद आंचेवर तीन तास ठेवलें, आणि गोळे वाढण्यापूर्वीं केवळ दहा मिनिटें सोडले. इतक्या वेळानें चिंचेचा कडवटपणा जाऊन रसाला जी गोडी आली, ती घाईच्या आमटीला मला कधीं साधली नव्हती. लसूण घातली नव्हती, हें सांगावयास नकोच.

निघतांना ती तें भांडें मला देऊं करीत होती. परंतु तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230 ची. तिकडचें भांडें येथें तसेंच लावलें तर जळून जावयाचें. ज्यांचीं मुलें असें कांहीं पाठवूं पाहत असतील, त्यांनीं हें आधीं विचारावें. मी घरीं जाड बुडाचें पितळी पातेलें, घट्ट झांकण आणि सर्वांत लहान ज्योत यांवर भागवतें. मधून मधून ढवळावें लागतें एवढेंच. तें भांडें आतां गॅरेजमध्यें जात नाहीं, ओट्यावरच असतें, असें नातवानें परवां फोनवर सांगितलें.