जुन्या शहरांचीं चित्रें व फाडलेले ग्रंथ

आमच्या व्यापारी व वकील मंडळींत अलीकडे एक नवी आवड दिसूं लागली आहे. तिच्याविषयीं आज चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. पेढीवर किंवा दिवाणखान्यांत पूर्वी देवादिकांच्या व वाडवडिलांच्या तसबिरी असत. आतां त्यांच्या शेजारीं दोनशें वर्षांपूर्वीच्या मुंबईचें, पुण्याचें अथवा गोव्याचें छापील चित्र सुरेख चौकटींत बसवून टांगलेलें आढळतें. आवड वाईट नाहीं. ज्या गांवांत आपण चार पैसे मिळविले, त्याचें पूर्वीचें रूप पाहावें असें वाटणें हें सुसंस्कृतपणाचेंच लक्षण होय. परंतु तें चित्र भिंतीवर चढण्यापूर्वी होतें कोठें, हा प्रश्न घेणाऱ्यांपैकीं फारच थोडे विचारतात. आणि तो कोणी विचारीत नाहीं म्हणूनच एक मोठा अनर्थ निमूटपणें चालूं राहिला आहे.

ह्या चित्रांपैकीं बरींचशीं ग्रंथांचीं पानें होत. जेम्स वेल्स हा स्कॉच चितारी इ. स. 1791 मध्यें मुंबईस आला. पुण्याच्या दरबारांत जाऊन त्यानें सवाई माधवराव व नाना फडणवीस यांच्या तसबिरी काढल्या. त्यानेंच मुंबई बेटाचे बारा देखावे काढले. तो 1795 सालीं वारला, व ते बारा देखावे पुढें 1800 मध्यें लंडनांत एकत्र प्रसिद्ध झाले. टॉमस व विल्यम डॅनिएल या चुलत्यापुतण्यांनीं 1795 पासून 1808 पर्यंत हिंदुस्थानचीं 144 चित्रें छापून काढलीं. कॅप्टन ग्रिंडले, ज्याचें नांव मुंबईकर पुढें पुष्कळ वर्षें एका बँकेच्या पाटीवर वाचीत असत, त्याचा पश्चिम हिंदुस्थानच्या 36 चित्रांचा ग्रंथ 1826 ते 1830 च्या दरम्यान निघाला. त्याच 1826 सालीं जुझे गोन्साल्विस या गृहस्थानें मुंबईचे देखावे शिळाछापावर काढून येथेंच प्रसिद्ध केले. ह्या कागदांवर जी मुंबई दिसते ती तटबंदीच्या आंतली मुंबई होय. तट 1860 नंतर पाडला गेला. चर्चगेट हें नांव आज लाखों लोक रोज घेतात, परंतु त्या नांवाचा दरवाजा पाहावयाचा झाला तर ह्या कागदांकडेच यावें लागतें.

आतां धंद्याची गोष्ट. संपूर्ण ग्रंथास गिऱ्हाईक क्वचित् मिळतें व तें सावकाश मिळतें. तोच ग्रंथ शिवणीवर उसवून एकेक चित्र निराळें विकलें, तर गिऱ्हाइकें पुष्कळ मिळतात आणि सर्वांची मिळून रक्कमही बहुधा अधिक येते. हा हिशेब आमच्या व्यापारी वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. लंडनापासून येथील जुन्या बाजारापर्यंत कित्येक विक्रेते हेंच करीत आले आहेत. चित्रें विकलीं जातात, आणि उरलेला मजकूर, नकाशे व प्रस्तावना रद्दींत जातात. कोणी म्हणेल, वाळवीनें खाल्लेला किंवा पावसांत भिजलेला ग्रंथ फाडला तर बिघडलें काय? अशा ग्रंथाविषयीं आमचा फारसा आग्रह नाहीं. परंतु मागणी वाढली म्हणजे निरोगी ग्रंथही लौकरच आजारी ठरूं लागतो, हा अनुभव आहे.

मजकूर गेला तर काय जातें, याचें एक उदाहरण देतों. लिन्सखोटेन नांवाचा डच मनुष्य 1583 ते 1588 पर्यंत गोव्यास आर्चबिशपाच्या पदरीं होता. त्याचा प्रवासग्रंथ 1596 मध्यें आम्स्टरडॅम येथें छापला. त्यांत गोव्याच्या भर रस्त्यांतील बाजाराचें एक मोठें चित्र आहे: दोहों बाजूंस घरें, छत्र्या, घोडे, पालख्या, माणसांची दाटी. दिवाणखान्यांत तें मोठें शोभिवंत दिसतें. परंतु त्या बाजारांत रोज लिलांव होई, आणि इतर मालाबरोबर गुलाम स्त्रीपुरुषही विकले जात, हें ग्रंथाचा मजकूर सांगतो. पान वेगळें झालें कीं तोच प्रसंग पाहुण्यांच्या कौतुकाचा विषय होऊन बसतो! घरधन्याचा यांत दोष नाहीं. त्यास कोणीं सांगितलेंच नाहीं.

दुसरा धोका उलट प्रकारचा आहे. छापील व जुनें तेवढें खरें, अशी भोळी समजूत पुष्कळांची असते. ईस्ट इंडिया कंपनीनें 1732 च्या सुमारास आपल्या लंडनच्या कचेरीकरितां मुंबई, मद्रास, कलकत्ता इत्यादि ठाण्यांचीं सहा चित्रें लँबर्ट व स्कॉट या दोघां चिताऱ्यांकडून काढविलीं. त्यांवरून पुढें छापील प्रती निघाल्या. हे दोघेही हिंदुस्थानांत कधीं आलेच नव्हते. समुद्रावरील जहाजें त्यांनीं उत्तम काढलीं, कारण तीं त्यांच्या डोळ्यांसमोर होतीं. किनाऱ्यावरील घरांविषयीं मात्र वाचकांनीं तितका भरंवसा ठेवूं नये. कोणतें चित्र जागेवर बसून काढलें, कोणतें नकलेची नक्कल, हें ठरविण्यासही मूळ ग्रंथच हातीं लागतो.

इ. स. 1972 च्या पुराणवस्तूंच्या कायद्यानें शंभर वर्षांवरील कलाकृति खासगी इसमास परदेशीं पाठवितां येत नाहीं. पण तो कायदा मुख्यतः निर्यात व व्यापार यांच्या बंदोबस्तासाठीं आहे. घरच्या कपाटांतील ग्रंथ वांचवावयाचा तर तें काम शेवटीं घेणारासच केलें पाहिजे. आमचें सांगणें एवढेंच कीं, ज्यास केवळ भिंत सजवावयाची आहे त्यानें उत्तम फोटो-नक्कल लावावी; ती स्वस्त असते, व उन्हानें विटली तरी हळहळ वाटत नाहीं. ज्यास अस्सलच पाहिजे त्यानें, जीं चित्रें मुळांतच सुटीं विकलीं गेलीं तीं शोधावीं. अशीं पुष्कळ आहेत. अस्सल ओळखण्यास भिंग जवळ ठेवावें: तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोंवतीं पत्र्याच्या कडेचा दाब कागदांत उमटलेला असतो, तर आधुनिक छपाईंत भिंगाखालीं बारीक ठिपके दिसतात.

आणि ज्यांच्या घरीं संपूर्ण ग्रंथ पडून आहेत, त्यांनीं ते विकण्यापूर्वी गांवच्या ग्रंथालयाचा एकदां तरी विचार करावा. मुंबईस भायखळ्याचें, 1872 मध्यें उघडलेलें व आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें चालणारें, वस्तुसंग्रहालय शहराचा इतिहास शहरवासीयांस दाखवितें. पण पुणें, नाशिक, सोलापूर येथील नगरवाचनालयांनींही आपल्या शहराच्या जुन्या चित्रांची एक यादी करावयास काय हरकत आहे? चित्र खासगी घरींच राहूं द्यावें. वाचनालयांत त्याचा फोटो, ग्रंथाचें नांव, साल व पानाचा अनुक्रम एवढें असलें तरी पुरे. तशी नोंद चौकटीच्या पाठीमागें चिकटविण्यास तर शाईच्या चार ओळींहून अधिक खर्च येत नाहीं, आणि विक्रेता ती लिहून देण्यास कांकूं करीत असेल तर खरेदी तेथेंच थांबवावी.